गाडी दाबून पाहणारे वकील

तायडे वकील कोणाच्याही घरी गेले की आधी बेल वाजवत नाहीत. दारात उभ्या असलेल्या गाडीपाशी जातात, दोन्ही तळहात बोनेटच्या कोपऱ्यावर ठेवतात, अंगाचा सगळा भार टाकून ती खाली दाबतात आणि एकदम सोडून देतात. मग हात मागे बांधून ती किती वेळा हलते ते बघत उभे राहतात. एकदाच वर येऊन थांबली, तर समाधानानं मान डोलावून बेल वाजवतात. डुलत राहिली, तर घरात शिरल्या शिरल्या पाण्याच्या ग्लासला हात लावायच्या आधी सांगतात, "शॉकप गेले तुमचे."

ऐकणाऱ्याचा हात आधी स्वतःच्या छातीकडे जातो.

माझ्या पुतणीला बघायला अमरावतीचे पाहुणे आले होते. मुलगा चांगल्या नोकरीत, घरचे लोक सज्जन, सगळ्यांच्या हातात पोह्यांच्या बशा. शेजारी म्हणून तायडे वकिलांनाही बोलावलं होतं. ते आले आणि फाटकातच पाहुण्यांच्या गाडीपाशी थांबले. आम्ही सगळे खिडकीतून बघत होतो. नवरदेवाच्या वडिलांनी मला हळूच विचारलं, "हे गृहस्थ आमची गाडी ढकलून राहिले का?"

वकील आत आले, मला दाराआड घेतलं आणि त्यांच्या मते हळू आवाजात, म्हणजे बैठकीतल्या शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल असं, म्हणाले, "मास्तर, पोरगा दिसायले बरा हाये. पण गाडी तीनदा हालते. ज्याले आपल्या गाडीच्या शॉकपची खबर नाही, तो बायकोच्या डोकेदुखीची काय खबर ठेवन?"

लग्न जमलं. पण लग्नाआधी जावईबापू शॉकॲब्झॉर्बर बदलून गाडी घेऊन आले ते आमच्याकडे नाही, थेट वकिलांकडे. वकिलांनी गाडी दाबली, सोडली. ती एकदा वर आली आणि गप्प उभी राहिली.

"दिली पोरगी," वकील म्हणाले. मुलीच्या बापाला कोणी विचारलंही नाही.

अकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर आहे. वय सत्तरीच्या आसपास, अंगकाठी उंच आणि वाळकी, कोट मूळचा काळा. दिवाणी दाव्यांत त्यांचा हात धरणारा माणूस आजही कोर्टात नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला असते. घरात समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, खाली कायद्याची पुस्तकं, आणि गेल्या काही दिवसांपासून पुस्तकांच्या शेजारी स्प्रिंगा. वेगवेगळ्या जाडीच्या, वेगवेगळ्या उंचीच्या, गाड्यांच्या स्प्रिंगा. एकदा चहाचा कप ठेवायला जागा दिसेना म्हणून मी तो एका स्प्रिंगेवर ठेवला, तर वकील ओरडले, "थे पुराव्याची वस्तू हाये!"

स्प्रिंगा घरात आल्या त्या गाडीमुळे. आणि गाडी आली वाटणीच्या एका दाव्यातून. अकोटच्या बाजूला कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकीवरून तीन भाऊ भांडत होते. विहिरीवर भांडले, कडुलिंबाच्या झाडावर भांडले, तराजूवरही भांडले. शेडमध्ये सरकीच्या पोत्यांखाली एक जुनी कॉन्टेसा सापडली, तेव्हा मात्र तिघंही गप्प. लांब नाकाची, रुंद छातीची ती गाडी एकेकाळी रस्त्यावरून गेली की लोक वळून बघत. हल्लीची पोरं तिला मोबाइलवर ‘देसी मसल कार’ म्हणतात. पण शेडमधल्या त्या गाडीत उंदरांनी संसार थाटला होता आणि मागची बाजू बसून जमिनीला टेकली होती. ती कोणालाच नको होती.

"मले द्या," तायडे वकील म्हणाले.

त्या दाव्यात समोरच्या बाजूला मोहोड वकील होते. ते प्रत्येक दाव्यात समोरच्या बाजूलाच असत. तायडे वकिलांच्या बोलण्यात मोहोडांचं नाव आलं नाही असा दिवस मला आठवत नाही, आणि चांगल्या अर्थानं आलं असाही आठवत नाही. "तो मोहोड," ते सुरुवात करत, "सरळ गोष्ट वाकडी करून सांगण्यात त्याचा हात कोणी धरत नाही." जुना दावा असो, नवा दावा असो, भाजीत मीठ जास्त पडलेलं असो, शेवटी दोष मोहोडांवर जाई.

गाडी टोचन करून जुन्या शहरात रहीमभाईंच्या गॅरेजमध्ये आली. मोर्णा नदीच्या पलीकडे, अरुंद गल्लीत, जिथे तिचं नाक आत गेलं की शेपूट रस्त्यावर राही. इंजिनाचं काय करायचं ते रहीमभाईंनी ठरवलं. रंगही त्यांनीच ठरवला, डाळिंबी. वकिलांनी त्यात एका शब्दानंही लक्ष घातलं नाही. त्यांना फक्त एकच गोष्ट ठरवायची होती. गाडी बसली कशी पाहिजे.

"गाडी पळाली पायजे हे कोणीबी सांगते," ते म्हणत. "गाडी बसली कशी पायजे, थे सांगा."

हौशी पोरांचा एक ग्रुप त्यांनी मोबाइलवर शोधून काढला. सगळे जुन्या गाड्यांचे वेडे. त्यांनी एकमुखानं सल्ला दिला की कडक स्प्रिंगा घाला, गाडी खाली उतरवा, रुंद चाकं आणि पातळ टायर लावा, सांध्यांतले रबराचे बुश काढून टणक बुश बसवा, मग बघा वळणावर कशी चिकटते. वकिलांनी उलट विचारलं, "वळणावर चिकटवून करायचं काय?"

नागपूरच्या एका सुट्या भागांच्या विक्रेत्याची तर त्यांनी फोनवर उलटतपासणीच घेतली. मी समोर बसलो होतो.

"तुमी म्हनता, या शॉकपनं कम्फर्ट येते. कोणाले येते?"

"सगळ्यांना येतो, सर."

"सगळे सोडा. चालवणाऱ्याले का मागं बसणाऱ्याले?"

"दोघांनाही, सर."

"मागच्या सीटवर बसून पाह्यलं का तुमी? हो का नाही, तेवढं सांगा."

पलीकडून ‘नाही’ आलं आणि पाठोपाठ फोन कट झाला. "साक्षीदार फुटला," वकील म्हणाले आणि खूश झाले.

आपण मात्र मागच्या सीटवर माणूस बसवल्याशिवाय काही ठरवायचं नाही, असा त्यांचा निश्चय होता. तो माणूस मी होतो.

पहिली परीक्षा कडक स्प्रिंगांची झाली. अकोट रोडच्या एका जुन्या फाट्यावर त्यांनी गाडी घातली. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावर केलेला डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत गोधडीसारखा होतो. तिथं माझी जीभ चावली गेली. वकिलांनी आरशातून बघत विचारलं, "धक्का कुठी बसला? मानेत का कमरेत?"

मला बोलता येत नव्हतं. मी तोंडाकडे बोट दाखवलं.

"तोंडाचं सोडा. कमरेचं सांगा."

दुसऱ्या खेपेला नरम स्प्रिंगा होत्या, पण शॉकॲब्झॉर्बर जुनेच होते. गाडी नावेसारखी डुलायला लागली. खड्डा जाऊन केव्हाच मागे पडे, गाडी मात्र त्याची आठवण काढत वरखाली होत राही. फाटा संपायच्या आत मी उतरून बाभळीखाली उलटी केली. वकील पाण्याची बाटली घेऊन माझ्यामागे उभे राहिले, पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "पण कंबर कशी हाये?"

त्यानंतर त्यांना वाटलं, मी हलका पडतो. मग मागच्या सीटवर माझ्या शेजारी तुरीचं पोतं आलं. पोत्याला पट्टा बांधला होता, मला नव्हता.

रहीमभाई वैतागले होते. स्प्रिंगा काढा, घाला, परत काढा. एकदा ते गाडीखालून बाहेर आले आणि पाना हातात धरूनच म्हणाले, "वकीलसाब, ये गाडी नाक उठा के चलनेवाली है. आप इसको झूला बना रहे."

"झूलाबी नाही पायजे, रहीमभाई. झूला हालते. मले पलंग पायजे. चालता पलंग."

"तो पलंगवाले के पास जाओ ना!"

तरी रहीमभाईंनी हात सोडला नाही, आणि वकिलांनी तर नाहीच नाही. दोघांनी मिळून हळूहळू गणित बसवलं. स्प्रिंगा मध्यम, ना कडक ना लेच्यापेच्या. मागे गॅसचे शॉकॲब्झॉर्बर, ज्यांची घुंडी फिरवून कमी-जास्त कडक करता येते. बुश साधे रबराचेच, पण नवे कोरे. टायर जाड कडांचे. रुंद चाकांचा आणि पातळ टायरांचा सल्ला देणाऱ्या पोरांना वकिलांनी फोटो पाठवला. एकानं लिहिलं, "सर, अशानं गाडीचा रुबाब गेला." वकिलांनी उत्तर दिलं, "कंबर राह्यली."

शेवटची परीक्षा धारणीची ठरली. परतवाड्याहून मेळघाटात शिरलं की वळणं, उतार, उखडलेले तुकडे, समोरून माणसांनी भरलेली जीप, सगळं एकाच रस्त्यात मिळतं. "धारणीले जाऊन आली तर ही गाडी कुठीबी जाईन," वकील म्हणाले. सकाळी निघालो. जाताना मी दर खड्ड्याला तोंडी अहवाल दिला. दोन ठिकाणी उतरून वकिलांनी घुंडी फिरवली. धारणीत जेवलो आणि परत फिरलो.

वकिलांनी मला हलवलं तेव्हा गाडी परतवाड्यात एका चहाच्या टपरीसमोर उभी होती. माझं डोकं तुरीच्या पोत्यावर होतं.

"झोपले होते?" त्यांनी विचारलं.

"लागला असेल डोळा."

"कुठून?"

"सेमाडोहच्या थोडं पुढं आल्यावर. त्यानंतरचं काही आठवत नाही."

"घाटात झोपले? खरं सांगून राह्यले ना? शपथेवर?"

"शपथेवर."

तायडे वकील गाडीतून उतरले, टपरीच्या बाकड्यावर बसले आणि चष्मा काढून बराच वेळ धोतराच्या टोकानं पुसावा तसा रुमालानं पुसत राहिले. मी चहा घेऊन जवळ बसलो. तेव्हा कुठे मी विचारलं. इतके दिवस त्यांचं खूळ म्हणून सोसलं होतं, आता विचारायचा हक्क झाला होता.

"वकीलसाहेब, ही कंबर कोणाची?"

"मोहोडची," ते म्हणाले.

तो वाटणीचा दावा चालू असतानाच मोहोड वकील घरात पाय घसरून पडले होते, हे कोर्टात सगळ्यांनाच माहीत होतं. मणक्याचं ऑपरेशन अमरावतीला झालं, तेही माहीत होतं. पुढचं मात्र माहीत नव्हतं. ऑपरेशननंतर भाड्याच्या गाडीतून त्यांना अकोल्याला आणताना प्रत्येक ब्रेकरला ते ओरडत होते. घरी पोचल्यावर त्यांनी सांगून टाकलं की आता मी कोणत्याच गाडीत पाय ठेवणार नाही. त्यामुळे अमरावतीच्या डॉक्टरांना दाखवायला जाणं राहिलं. व्यायाम राहिले. कंबर आखडत गेली. आता ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात, आणि त्यांच्या बायकोशीसुद्धा दोन शब्दांपलीकडे बोलत नाहीत.

"मी जातो ना त्याच्याकडं," तायडे वकील म्हणाले. "मी चार गोष्टी मुद्दाम चुकीच्या बोलतो. जुन्या दाव्यातल्या तारखा उलट्यापालट्या सांगतो. मोहोड असा आयकून राहात नाही कधी. पण तो म्हनते, ‘असंन.’ मास्तर, ‘असंन’ म्हनते!"

दोन दिवसांनी आम्ही दोघं मोहोडांच्या घरी गेलो. जुन्या शहरातच घर आहे. त्यांच्या पत्नी, कुसुमवहिनी, दारात उभ्या होत्या. "दंडवत प्रणाम," त्या हात जोडून म्हणाल्या. महानुभाव घर आहे ते. आत खाटेवर मोहोड वकील पडले होते. कोर्टात गरगरीत दिसणारा माणूस चादरीखाली ओळखू येत नव्हता. त्यांच्या वजनाच्या हिशेबात तुरीचं पोतं बहुतेक फाजील ठरलं असतं.

"चाल, मोहोड. अमरावतीले जायचं," तायडे म्हणाले.

"नाही."

"गाडी आणली."

"नाही म्हटलं ना."

"या मास्तरले विचार. धारणीच्या रस्त्यानं मागच्या सीटवर झोपला हा माणूस."

मोहोड भिंतीकडेच बघत राहिले. मग तिकडेच तोंड ठेवून म्हणाले, "आदल्या रात्री झोप झाली नसंन त्याची."

"झाली होती," मी म्हणालो.

"घर कुठी तुमचं?"

"तायडे वकिलांच्याच गल्लीत."

"म्हणजे शेजारी." आता मान वळली. "जाणं-येणं, चहापाणी हाये?"

"आहे."

"म्हणजे तुमी त्याच्याच बाजूनं बोलणार." मोहोड कोपरावर रेलून उठायला लागले. कुसुमवहिनी पुढे झाल्या, पण तायडेंनी हातानंच त्यांना थांबवलं. "मले सांगा, तुमी झोपले होते, तर रस्ता खराब होता हे तुमाले कसं माहीत? झोपलेल्या माणसाले रस्ता दिसते?"

"जाताना जागा होतो, साहेब. येताना झोपलो."

"जाताना खड्डे लागले?"

"दिसले. लागले नाहीत."

"तायडेनं पढवलं का हे उत्तर?"

मग माझंही डोकं सटकलं. "साहेब, यांच्या पहिल्या स्प्रिंगेवर माझी जीभ चावली गेली. दुसरीवर मी बाभळीखाली उलटी केली. त्यानंतर मला तुरीच्या पोत्याशेजारी बसवून मेळघाटात फिरवलं. मी यांच्या बाजूचा असतो, तर पहिल्याच दिवशी ‘फार छान’ म्हणून सुटलो नसतो का?"

मोहोडांच्या तोंडातून काहीतरी फुटलं. मला वाटलं खोकला आहे. ते हसत होते. हसताना कंबर दुखत होती म्हणून ‘अगं आई’ म्हणत होते, आणि म्हणून आणखी हसत होते. मधेच चहा करायला गेलेल्या कुसुमवहिनी ट्रे हातात धरून दारातच उभ्या राहिल्या होत्या.

"पोतं कायले?" मोहोडांनी विचारलं.

"तुह्या वजनाचं केलं होतं," तायडे म्हणाले. "पण तू तर वाळून गेला लेका. आता घुंडी पुन्हा फिरवा लागन."

परवाचा दिवस ठरला. गल्लीत गाडी मागेमागेच आणावी लागली. मोहोडांना तिघांनी मिळून बसवलं, कंबरेमागे वहिनींनी हातानं शिवलेली उशी ठेवली. त्या त्यांच्याशेजारी बसल्या, मी पुढे. तायडे वकिलांनी गाडी इतकी हळू सोडली की कांद्याची हातगाडी आमच्या पुढे निघून गेली. मी मागे वळून बघितलं. मोहोडांनी डोळे घट्ट मिटले होते, आणि दाराच्या मुठीवर बोटं पांढरी पडली होती.

पहिला ब्रेकर आला. नाक वर गेलं, खाली आलं. मागची बाजू वर गेली, खाली आली.

"अजून ब्रेकर नाही आला का?" मोहोडांनी डोळे न उघडता विचारलं.

"गेला," तायडे म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा, "दुसरा?"

"थोबी गेला."

मोहोडांनी डोळे उघडले. मुठीवरचा हात सुटला. ते खिडकीतून बघायला लागले. कपड्यांची दुकानं, रसवंती, नदीवरचा पूल. "त्या दुकानाची पाटी बदलली," ते वहिनींना म्हणाले. "निळी होती ना?" वहिनी नुसती मान हलवत राहिल्या. मूर्तिजापूर येईपर्यंत मोहोड दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचत होते, आणि तायडे वकिलांनी, ज्यांना मी कधी गप्प बघितलं नव्हतं, त्यानंतर संबंध रस्ताभर तोंड उघडलं नाही.

अमरावतीच्या डॉक्टरांनी आधी रागावून घेतलं, मग तपासलं. उशीर झालाय, पण गेलेलं काही नाही, म्हणाले. दर पंधरवड्याला यायचं, व्यायाम चुकवायचे नाहीत, मग काठीनं चालाल. दवाखान्यातून बाहेर आल्यावर मोहोड म्हणाले, "आलोच हावो, तर रिद्धपूर काय लांब हाये?" महानुभावांच्या त्या तीर्थाला त्यांच्या घरातलं कोणी ना कोणी दरवर्षी जातं. पडल्यापासून ते स्वतः गेले नव्हते. तायडेंनी काही न विचारता गाडी मोर्शीच्या रस्त्याला लावली.

रिद्धपूरला मोहोड वॉकर घेऊन, वहिनींचा खांदा धरून, एक एक पाऊल टाकत आत गेले. आम्ही दोघं बाहेर लिंबाच्या सावलीत थांबलो. तायडे वकील गाडीला टेकून उभे होते.

"इतकं सगळं," मी म्हणालो, "ज्या माणसाला तुम्ही रोज शिव्या देता, त्याच्यासाठी?"



"आता कोर्टात माह्यासमोर नवे पोट्टे असतात," ते म्हणाले. "‘तायडेसर, तुमी म्हनाल तसं,’ म्हनतात अन् मोबाइल पाहात बसतात. घरी आलो तर भिंतीसंगं बोला. मास्तर, मी जे काही बोललो ना जन्मभर, थे शब्द न् शब्द मन लावून आयकणारा एकच माणूस होता. कुठी चूक सापडते म्हणून आयकत होता, पण आयकत होता. बायकोनंबी एवढं नाही आयकलं." ते थोडं हसले. "तो भिंतीकडं तोंड करून पडला, तवा मले वाटलं, माहं बोलणंच संपलं."

मी त्यांच्याशेजारी गाडीला टेकून उभा राहिलो.

मोहोड बाहेर आले. दमले होते, कपाळावर घाम होता, पण चेहरा वेगळा दिसत होता. तायडेंनी मागचं दार उघडून धरलं.

"काय मागतलं?" त्यांनी विचारलं.

मोहोड वॉकरवर दोन्ही हात ठेवून थांबले. "दुसरं काय मागन वकील माणूस? तारीख मागतली. अजून थोडी."



"माही हरकत नाही," तायडे वकील म्हणाले, आणि मोहोडांना आत बसवायला खाली वाकले.